खिडकी, लिंबू, हातोडा, चादर, कासव

१ जुलै, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढतोय, पुढचं कोणी सांगावं.

वय एकोणचाळीस. विमा कंपनीतली नोकरी सोडून अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करतोय. म्हणजे मैदानावर खेळाडू पडला, मुरगळला, आपटला की जो माणूस सगळ्यांत आधी पोहोचतो, तो मी. डॉक्टर नंतर. पहिलं वर्ष झालं. आता शेवटची टर्म, मुलींच्या फुटबॉल टीमबरोबर. टर्मअखेर आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमची सही मिळाली की डिग्री हातात. नाही मिळाली तर टर्म पुन्हा. तो प्रश्न अर्थात येत नाही.

हे सगळं हिला चहाबरोबर सांगितलं. ही ऑफिसला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, कीबोर्ड झाला, जर्मनचा क्लास झाला, गच्चीवरचे मशरूम झाले. आता सुरू केलेलं एक तरी काहीतरी शेवटपर्यंत न्या, माझं दुसरं काही मागणं नाही. घर सध्या हिच्या पगारावर चालतंय, म्हणून उलट बोललो नाही. मशरूमच्या बाबतीत हवामान आडवं आलं होतं, एवढं फक्त इथे नोंदवतो.

संकल्प: पहाटे पाचला उठून पळणे. शरीररचनेचं पुस्तक रोज पंचवीस पानं. साखर बंद.

२ जुलै, सकाळी साडेआठ

पळायला उद्यापासून. नव्या बुटांना आधी सवय व्हावी लागते. आज ते घालून घरात फिरलो. साखर घरात आहे तेवढी संपवून मग बंद. अन्न वाया घालवणं मला पटत नाही.

५ जुलै

घोट्याला टेप बांधायचा सराव. हिचा पाय मागितला. पहिल्यांदा बोटं निळी पडली. दुसऱ्यांदा बोटं गुलाबी राहिली, पण ही दारापर्यंत जाईतो टेप सुटून मागे लोळत गेली. तिसऱ्यांदा हिने पाय दिला नाही. मग जेवणाच्या टेबलाचा पाय घेतला. उत्कृष्ट जमलं. टेबलाला घोटा नसतो हा हिचा मुद्दा निव्वळ तांत्रिक आहे.

आईचा फोन. तिने शेजारी मी कंपाउंडर होणार म्हणून सांगितलंय. समजावलं. म्हणाली, म्हणजे मालिश का रे? पुन्हा समजावलं. म्हणाली, बरं, कंपाउंडरच राहू दे.

९ जुलै

टीमशी ओळख. माझ्याबरोबर आमच्याच वर्गातला एक मुलगा आहे, वय तेवीस, सगळ्या विषयांत पहिला. मी त्याला स्कॉलर म्हणतो. तोंडावर नाही. मुलींनी त्याला सर म्हटलं आणि मला काका.

सुरुवात गोलकीपरने केली. तिला सगळ्या भिंत म्हणतात, कारण तिच्यातून पलीकडे काही जात नाही. उंच, दणकट, तोंडाने फटकळ. मी म्हटलं, इथे मला सर म्हणायचं. म्हणाली, हो काका.

हळूहळू म्हणतील. आदर कमवावा लागतो.

१४ जुलै

मॅडमचं लेक्चर, विषय डोक्याला लागलेला मार. मॅडम मोजकं बोलतात, त्यामुळे लिहून घ्यायला सोपं जातं. बाहेरून काही दिसत नाही, पण आत मेंदू हादरलेला असतो. अशा मुलीला खेळू दिलं आणि वरून दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सीझनच्या आधी प्रत्येकीची परीक्षा घ्यायची. पाच शब्द सांगायचे, तिने ते लगेच म्हणायचे, थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचे. मार्क लिहून ठेवायचे. पुढे डोकं आपटलं की परत परीक्षा. मार्क आधीपेक्षा कमी आले तर मैदानाबाहेर. तोल सांभाळणं, महिने उलटे म्हणणं वगैरेही आहे, पण मुख्य गोष्ट शब्दांची.

शब्दांच्या सहा याद्या आहेत. मॅडम म्हणाल्या, दर वेळी यादी बदला. दोनदा म्हणाल्या. दोनदा का म्हणाल्या कळलं नाही, वर्गात ऐकू येत होतं.

१६ जुलै

पहिली यादी पाठ केली. खिडकी, लिंबू, हातोडा, चादर, कासव. सुरुवातीला कासव निसटायचं. मग चाल लावली, आता झोपेतही येईल. हिला म्हणून दाखवली. संध्याकाळी ही भांडी लावताना तीच गुणगुणत होती. मग थांबून म्हणाली, मलासुद्धा पाठ झाली की हो, हे बरं आहे का? मी म्हटलं, बरं म्हणजे काय, ही तर शिकवण्याची ताकद.

बाकीच्या पाच याद्या यथावकाश. सहा अर्धवट याद्यांपेक्षा एक घोटलेली यादी केव्हाही भारी. मॅडमनाही हे आतून पटेल.

२१ जुलै

सगळ्या टीमची परीक्षा घेतली. स्कॉलर एकेकीला वेगळ्या खोलीत नेऊन, दार लावून, यादी बदलून बदलून घेणार होता. त्याला मुलांची टीम घ्यायला सांगितलं. मी मुलींना बाकावर ओळीने बसवलं आणि एका दमात उरकलं. शेवटच्या सहा-सात जणींनी तर मी सांगायच्या आतच तोंड उघडलं होतं, इतक्या उत्सुक.

निकाल: सगळ्यांना पैकीच्या पैकी. भिंतीलासुद्धा. माझ्या टीमची स्मरणशक्ती असामान्य आहे. यावर शोधनिबंध लिहावा असं मनात आहे. मॅडमनी कागद बघून भुवया वर केल्या. प्रभावित झालेल्या दिसल्या.

३ ऑगस्ट

पळणं: पायात गोळा. पुस्तक: मनगटापर्यंत पोहोचलो. मनगटात आठ हाडं आहेत. मला सहा येतात. उरलेली दोन खेळाडूंना फारशी लागत नसावीत.

१२ ऑगस्ट

पहिली मॅच. आमची एक मुलगी पडली. मी बॅग घेऊन धावलो. रेफरीने हात केल्याशिवाय आत जायचं नसतं, हे धावताना आठवलं. तोवर मी मधल्या वर्तुळात होतो, बॅगेची चेन उघडी होती आणि बर्फाच्या पिशव्या मागे सांडत आल्या होत्या. मुलगी तोपर्यंत उठून खेळायला लागली होती. रेफरी बरंच काही बोलला.

परतताना बर्फ मीच गोळा केला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. टीमचं मनोधैर्य वाढवणं हेही आमच्या कामात येतं.

१ सप्टेंबर

आज खऱ्या कसोटीचा दिवस. मधल्या फळीत एक मुलगी आहे, दिवसभर पळाली तरी दमत नाही, म्हणून तिचं नाव इंजिन. तिची दुसऱ्या मुलीशी डोक्याला डोकं टक्कर झाली. बाहेर घेतलं, बाकावर बसवलं, पाच शब्द सांगितले. तिने एका श्वासात म्हटले. थोड्या वेळाने विचारले, पुन्हा पैकीच्या पैकी. कोच खूश. पुढच्या मॅचला ती खेळेल असं मी तिथेच ठामपणे सांगितलं.

कोच मोठा दमदार माणूस. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, असा माणूस हवा, नाहीतर तो दुसरा पोरगा, उगाच शंका काढतो.

स्कॉलर हे ऐकत होता. वाईट वाटलं त्याच्यासाठी.

१५ सप्टेंबर

काहीतरी घडतंय. कोणाचं डोकं जरा कुठे लागलं की मुली स्कॉलरच्या टेबलाकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. भिंत तर स्पष्टच म्हणाली, आम्हाला काकांकडेच तपासायचंय. माझा हात हलका आहे असं मी ऐकून होतो, पण इतका?

हिला सांगितलं. ही म्हणाली, टेप बांधायलाही तुमच्याकडेच येतात का? मी म्हटलं, नाही, टेपला त्याच्याकडे जातात. ही नुसतं हं म्हणाली. हिच्या त्या हंमध्ये हल्ली फार बोलणं असतं.

२ ऑक्टोबर

बसमध्ये डोळे भरून आले. सामन्याला जाताना मुलींनी टाळ्या वाजवत गाणं धरलं. खिडकी, लिंबू, हातोडा, चादर, कासव. माझ्याच चालीत. मैदानावर वॉर्म-अपलाही तेच. जगात कुठल्या टीमने आपल्या ट्रेनरला असा मान दिला असेल?

साखर अजून संपलेली नाही. ही नवीन आणते, माझा दोष नाही.

२० ऑक्टोबर

मॅडमनी विचारलं, याद्या बदलताय ना? म्हटलं, त्याच दिशेने चाललोय. त्या म्हणाल्या, कोणत्या दिशेने? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चांगला फोन होता.

संकल्प: रविवारी दुसरी यादी.

रविवारी पाहुणे आले.

१० नोव्हेंबर

फायनलला पोहोचलो. त्याच दिवशी मुलांचीही मॅच आहे, दुसऱ्या मैदानावर, त्यामुळे मॅडम आणि स्कॉलर तिकडे. मुलींबरोबर मी एकटा. मॅडम म्हणाल्या, ही मॅच नीट सांभाळलीत तर सही करते. सही करते. त्यांचेच शब्द.

हिला सांगितलं. ही हसली. खूप दिवसांनी अशी हसली. म्हणाली, खरंच पुरं होतंय वाटतं. मग कपाटातून माझा चांगला शर्ट काढून इस्त्रीला दिला.

१८ नोव्हेंबर, दुपार

बॅग भरली. कात्री, टेप, बर्फ. चेन लावलीय, दोनदा बघितलं. आईचा फोन येऊन गेला. म्हणाली, कंपाउंडरसाहेब, टोपी घालून जा.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

आधी काय झालं ते सरळ लिहितो.

आम्ही एका गोलने पुढे होतो. दुसऱ्या हाफमध्ये भिंत उजवीकडे झेपावली, बॉल अडवला आणि डोकं खांबावर आपटलं. आवाज बाकापर्यंत आला. रेफरीने हात केल्यावरच धावलो. एवढं एक शिकलोय.

पोहोचलो तोवर ती उठून बसली होती. हसत होती. आपलं नाव सांगितलं, स्कोअर सांगितला. कोच रेषेवरून ओरडत होता, आटपा, ठीक आहे ती, दिसतंय की. मलाही तसंच दिसत होतं. खरं सांगायचं तर मला सहीसुद्धा दिसत होती. मी गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, हे बघ, आता मी तुला पाच शब्द सांगणार आहे. ती म्हणाली, खिडकी, लिंबू, हातोडा, चादर, कासव.

मी अजून एकही शब्द उच्चारला नव्हता.

म्हणाली, झाले ना पाच? सोडा आता. मी विचारलं, मी सांगितले का तुला हे? म्हणाली, हो की काका, आत्ताच तर सांगितले. थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की मी सांगितले.

दुसरी यादी आठवेना, कारण ती मी कधी वाचलीच नव्हती. मग समोर दिसलं ते सांगितलं. जाळी, बादली, शिट्टी, गवत, मोजा. तिला जाळी आली. मग जरा वेळ गप्प. मग म्हणाली, लिंबू. लिंबू कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, बाहेर चल. कोच आत येऊन पार माझ्या तोंडाशी उभा राहिला. म्हणाला, अहो, शब्द बरोबर सांगितले तिने, मी ऐकले, नेहमी तुम्ही तेवढ्यावरच सोडता. नेहमी. मी म्हटलं, आज नाही. भिंतीने माझा हात धरला. म्हणाली, काका, फायनल आहे, प्लीज. मी म्हटलं, बाहेर. तिने हात सोडला आणि म्हणाली, ठीक आहे, सर.

जुलैपासून ज्या शब्दाची वाट बघत होतो तो हा. परत ऐकायची इच्छा नाही.

बदली गोलकीपरने दोन गोल खाल्ले. हरलो. बसमध्ये कोणी गायलं नाही. भिंत पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून होती. तिला दोनदा ओकारी झाली. तिथून थेट दवाखाना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार आहे, विश्रांतीने बरी होईल, वेळेत बाहेर काढलीत. तिची आई आली होती. माझे दोन्ही हात हातात घेऊन थँक्यू म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

१९ नोव्हेंबर

सकाळी उठल्या उठल्या इंजिन आठवली. सप्टेंबरची टक्कर. पैकीच्या पैकी.

ग्राउंडवर जाऊन तिला गाठलं. खरं सांग म्हटलं. आधी टाळाटाळ केली. मग म्हणाली, आठवडाभर डोकं ठणकत होतं, उजेड सहन होत नव्हता, पुढची मॅच कशी खेळले आठवत नाही. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही विचारलं कुठे, तुम्ही शब्द विचारले. मग म्हणाली, काका, तुमच्याकडे सगळे पास होतात, म्हणून तर सगळे तुमच्याकडे येतात.

हलका हात. शोधनिबंध. बसमधलं गाणं.

ती आता ठणठणीत आहे. पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तिला काही झालं असतं तर? हे वाक्य पुढे लिहवत नाही.

२० नोव्हेंबर

मॅडमकडे गेलो. फॉर्म टेबलावर, पेन हातात. डॉक्टरांचा फोन त्यांना आला होता. म्हणाल्या, शाब्बास, फायनलमध्ये गोलकीपर बाहेर काढायला धाडस लागतं. वर्षभरात पहिल्यांदा शाब्बास. मग सहज विचारलं, ओळखलंत कशावरून?

गोंधळलेली वाटली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही नव्हतं. हिने इस्त्रीला दिलेला शर्ट अंगात होता. पेन कागदापासून इतकंसं वर होतं.

पण फॉर्मला जुलैचा मार्कांचा कागद जोडलेला होता, सगळ्या मुलींना पैकीच्या पैकी. पुढच्या वर्षी त्यातल्या कोणाचं डोकं आपटेल, आणि माझ्या जागी कोणीतरी तो कागद बघून म्हणेल, ठीक आहे, खेळ. म्हणून सांगून टाकलं. एकच यादी, बाकावर ओळ, चाल, गाणं, इंजिन, सगळं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, मॅचमधला निर्णय बरोबर होता. टर्म पुन्हा करावी लागेल. आणि सगळ्या टीमची परीक्षा परत घ्यायची, एकेकीची, दार लावून, तुम्हीच.

मी म्हटलं, हो मॅडम. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, चाल कशी आहे? म्हणून दाखवली. त्या हसल्या की नाही कळलं नाही, त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ

हिला सांगितलं. आता मशरूम निघणार याची तयारी ठेवली होती. हिने एकच विचारलं, ती मुलगी बरी आहे ना? म्हटलं, आहे. हिची नजर टेबलाच्या पायाकडे गेली. त्यावरची टेप जुलैपासून तशीच आहे, निघत नाही. मग म्हणाली, अजून एक टर्म, म्हणजे सोडलेलं तर नाही ना? मी म्हटलं, सोडलेलं नाही. म्हणाली, मग ठीक आहे. शर्ट काढून ठेवा, पुढच्या खेपेला लागेल.

२६ नोव्हेंबर

भिंतीला भेटायला तिच्या घरी गेलो. पडदे ओढून पडली होती. माझ्याशी बोलेना. मी केळी ठेवली आणि निघालो. दाराशी पोहोचल्यावर मागून म्हणाली, काका, नवीन यादी कोणती आहे? मी म्हटलं, ते मी आता कोणालाही सांगत नाही. म्हणाली, तुम्हाला येते का पण?

काका म्हणाली.

२९ नोव्हेंबर, सकाळ

नवा संकल्प. सहाही याद्या पाठ, एकही चाल न लावता. स्कॉलर स्वतःहून शिकवायला तयार झालाय. चांगला मुलगा आहे, आधीपासून म्हणत होतो. साखर आजपासून बंद, डबाच लपवायला सांगितलाय. टर्म जानेवारीत सुरू होईल, तोवर सगळं मुठीत असेल. या खेपेला अनुभव माझ्या बाजूने आहे.

हिला म्हटलं, घे परीक्षा. हिने पुस्तक उघडून तिसरी यादी वाचली, सावकाश, स्पष्ट. मग पुस्तक मिटून चहा केला. चहा झाल्यावर म्हणाली, हं, सांगा. मी म्हटलं, विहीर. टोपी. मग जरा थांबलो. मग म्हटलं, हातोडा, चादर, कासव.

हिने माझ्या डोळ्यांसमोर एक बोट धरून इकडून तिकडे फिरवलं. मग म्हणाली, आज खेळायचं नाही, बाहेर बसा.

गॅलरीत बसलोय. पळायला उद्यापासून.